हैदराबादची उन्नत मेट्रो : खांब, कर्ज आणि जोखीम

शहराच्या पोटात रेल्वे न्यायची तर तीनच वाटा असतात : जमिनीवरून, जमिनीखालून आणि जमिनीच्या वरून. जमिनीवरची वाट सर्वांत स्वस्त. परंतु भरवस्तीत तिला लागणारी सलग पट्टी आज कोणत्याही मोठ्या शहरात शिल्लक नाही. जमिनीखालची वाट देखणी व निरुपद्रवी. मात्र तिचा खर्च उन्नत मार्गाच्या दुप्पट ते अडीचपट येतो, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. कोलकात्याने १९८४ मध्ये देशातील पहिली मेट्रो भुयारातून सुरू केली. दिल्लीने डिसेंबर २००२ मध्ये शाहदरा ते तीस हजारी हा आपला पहिला टप्पा प्रामुख्याने खांबांवर उभा केला. त्यानंतरच्या दोन दशकांत ज्या शहरांनी मेट्रो हाती घेतली, त्यांपैकी बहुतेकांनी मार्गाचा मोठा भाग रस्त्याच्या मधोमध खांब उभारून वरच्या वर नेला.

या सर्वांत हैदराबादचे उदाहरण वेगळे आहे. तेथील पहिला टप्पा ६९ किलोमीटरचा असून तो जवळजवळ संपूर्ण उन्नत आहे. शिवाय त्याची उभारणी, वित्तपुरवठा आणि संचालन ही सर्व जबाबदारी एका खाजगी कंपनीने स्वीकारली होती. सार्वजनिक-खाजगी भागीदारीतून एका शहराचे एवढे मोठे मेट्रो-जाळे उभारण्याचा देशातील हा पहिलाच प्रयोग होय. अभियांत्रिकीच्या दृष्टीने तो यशस्वी ठरला. वित्तीय दृष्टीने मात्र सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनी आणि तेलंगण शासन यांना प्रकल्प शासनाकडे वर्ग करण्याचा समझोता करावा लागला. खांब भक्कम असताना हिशेब का कोसळला, हा प्रश्न पायाभूत सुविधांच्या अभ्यासकाने बारकाईने पाहण्याजोगा आहे.

खांबांवरची रेल्वे

हैदराबाद शहर दख्खनच्या कठीण ग्रॅनाइट खडकावर वसलेले आहे. शहरात फिरताना वस्तीच्या मधेच डोके वर काढलेले मोठमोठे दगड ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना याचे स्पष्टीकरण देण्याची गरज नाही. असा खडक खांबाच्या पायाला उत्तम आधार देतो. बोगदा खणण्यास मात्र तो वेळखाऊ व खर्चिक असतो. उन्नत मार्गाची निवड होण्यामागे खर्चाबरोबर भूरचनेचाही विचार होता.

उन्नत मार्गाचे तंत्र आता सर्वपरिचित झाले असले तरी त्यातील मर्म समजून घेतले पाहिजे. रस्त्याच्या दुभाजकावर ठराविक अंतराने एकेरी खांब उभारले जातात. खांबावर शिरोभाग बसतो आणि दोन खांबांमधील गाळा पेटीच्या आकाराच्या काँक्रीटच्या तुळईने सांधला जातो. ही तुळई जागेवर ओतली जात नाही. तिचे तुकडे शहराबाहेरच्या मोकळ्या आवारात आधीच ओतून, क्रमांक घालून ठेवतात. हैदराबादसाठी उप्पल आणि कुतबुल्लापूर येथे अशी आवारे होती. रात्री वाहतूक विरळ झाली की हे तुकडे अवजड वाहनांतून आणले जातात, खांबांवर पुढे सरकणाऱ्या लोखंडी सांगाड्याच्या साहाय्याने उचलून ओळीने लावले जातात आणि त्यांतून ओवलेल्या पोलादी तारांना प्रचंड ताण देऊन त्यांची एकसंध तुळई बनविली जाते. खाली रस्ता सुरू आणि वर पूल पुढे सरकतो आहे, हे दृश्य या पद्धतीमुळेच शक्य झाले. हैदराबादमध्ये स्थानकांची इमारतही मुख्यतः दुभाजकावरील खांबांच्या रांगेवर तोलून, दोन्ही बाजूंना पंखांसारखी पसरविलेली आहे. त्यामुळे स्थानकासाठी कडेच्या मालमत्ता घेण्याची गरज कमी झाली. जिने व पादचारी पूल यांच्यापुरतीच जागा लागली.

मार्ग प्रमाण रुंदीचा, म्हणजे १,४३५ मिलिमीटरचा आहे. वीजपुरवठा २५ किलोव्होल्टच्या उपरी तारेतून होतो. गाड्या तीन डब्यांच्या असून फलाट मात्र सहा डब्यांच्या गाड्या सामावतील एवढे लांब आहेत. उद्याच्या गर्दीसाठी आज काँक्रीट ओतून ठेवायचे, असा हा हिशेब. त्या उद्याची किंमत पुढे कशी मोजावी लागली, ते यथावकाश पाहू.

उन्नत मार्गाला स्वतःचे दोषही आहेत. रस्त्याचा प्रकाश व मोकळेपणा कमी होतो, अरुंद बाजारपेठेत दुकानांच्या तोंडाशी खांब येतात आणि वरून काही पडले तर ते थेट वाहत्या रस्त्यावर पडते. सप्टेंबर २०१९ मध्ये पावसाच्या आडोशाला अमीरपेट स्थानकाखाली उभ्या असलेल्या एका तरुणीचा वरून कोसळलेल्या तुकड्यामुळे मृत्यू झाला. भुयारी मार्गाची देखभाल प्रवाशांपुरती महत्त्वाची असते; उन्नत मार्गाची देखभाल खालून जाणाऱ्या, कधीही मेट्रोत न बसलेल्या नागरिकाच्याही जिवाशी निगडित असते.

ट्रामवे की रेल्वे?

मेट्रोचा विषय केंद्राचा की राज्याचा, हा परीक्षार्थींना नेहमी गोंधळात टाकणारा प्रश्न. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीत २२ व्या क्रमांकावर रेल्वे आहे, तर राज्यसूचीतील १३ व्या नोंदीत रस्ते, पूल यांच्याबरोबर ‘नगरपालिका क्षेत्रातील ट्रामवे’ आहेत. कलम ३६६ च्या खंड २० मध्ये रेल्वेची व्याख्या करताना संपूर्णतः नगरपालिका क्षेत्रात असलेल्या ट्रामवेचा समावेश रेल्वेत होत नाही, असे म्हटले आहे. संविधान तयार झाले तेव्हा मुंबई-कोलकात्याच्या रस्त्यांवरून ट्राम धावत होत्या. मेट्रोची कल्पना कोणापुढे नव्हती. त्यामुळे या दोन नोंदींच्या फटीत मेट्रो सापडली.

कोलकात्यासाठी संसदेने १९७८ मध्ये मेट्रो रेल्वे (बांधकाम) अधिनियम केला आणि दिल्लीसाठी २००२ मध्ये संचालन व देखभालीचा स्वतंत्र अधिनियम केला. हे कायदे इतर महानगरांना लागू करण्याची तरतूद २००९ च्या दुरुस्तीने झाली. हैदराबादच्या निविदा त्यापूर्वीच निघाल्या होत्या. तत्कालीन आंध्र प्रदेश शासनाने त्यासाठी २००८ मध्ये राज्याचा नगरपालिका ट्रामवे अधिनियम संमत केला. मुंबईतील वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मार्गाने तर १८८६ च्या ट्रामवे कायद्याचा आधार घेतला होता. पुढे २०१२ मध्ये हैदराबादचा प्रकल्प केंद्रीय मेट्रो कायद्याच्या कक्षेत आणण्यात आला.

हा केवळ शब्दांचा वाद नाही. केंद्रीय कायदा लागू झाला की सुरक्षेचे प्रमाणपत्र मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांकडून घ्यावे लागते. (हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी.) त्याहून महत्त्वाचे म्हणजे भाडे ठरविण्याचा अधिकार बदलतो. मार्ग प्रथम सुरू होताना मेट्रो प्रशासन स्वतः भाडे निश्चित करू शकते. नंतरची प्रत्येक वाढ मात्र कायद्यानुसार नेमलेल्या भाडे निर्धारण समितीच्या शिफारशीनेच होते आणि ती शिफारस बंधनकारक असते. मुंबईत २०१४ मध्ये मार्ग सुरू झाला, तेव्हा सवलत करारातील भाडे खरे की कायद्याने प्रशासनाला दिलेला पहिल्या भाड्याचा अधिकार खरा, यावर मोठा न्यायालयीन वाद झाला. ज्या प्रकल्पाचे उत्पन्न प्रामुख्याने तिकिटावर अवलंबून आहे, त्याच्या मालकाला तिकिटाचा दर ठरविता येत नाही. खाजगी गुंतवणुकीच्या दृष्टीने ही मूलभूत अडचण होय.

दोन निविदा

दिल्ली मेट्रो रेल महामंडळाने हैदराबादसाठी प्रकल्प अहवाल तयार केला होता. शहरात २००३ पासून दक्षिण मध्य रेल्वेची बहुविध उपनगरी सेवा सुरू झाली होती. परंतु ती जुन्या रेल्वेमार्गांना बांधलेली असल्याने वाढत्या शहराच्या मुख्य रस्त्यांवरील गर्दीला तिचा फारसा उपयोग नव्हता. मेट्रोसाठी तीन मार्ग निश्चित झाले : मियापूर ते एल. बी. नगर, ज्युबिली बसस्थानक ते फलकनुमा आणि नागोल ते शिल्पारामम.

त्या काळात दिल्ली, बंगळूर व चेन्नई यांनी एक प्रारूप स्वीकारले होते. केंद्र व राज्य यांची समान भागीदारी असलेली कंपनी स्थापावयाची, आणि उरलेला खर्च जपानच्या आंतरराष्ट्रीय सहकार्य संस्थेसारख्या संस्थांच्या अल्प व्याजाच्या, दीर्घ मुदतीच्या कर्जातून भागवावयाचा. आंध्र प्रदेशाने हा रस्ता सोडला. खाजगी कंपनीने बांधावे, चालवावे आणि ठराविक वर्षांनी शासनाला परत करावे, हे प्रारूप त्याने निवडले. शासनाच्या तिजोरीवर भार कमी पडावा, हा त्यामागील हेतू होता.

येथे व्यवहार्यता तफावत निधीची संकल्पना समजून घ्यावी लागेल. काही प्रकल्प समाजाला लाभदायक असतात. परंतु वापरकर्त्यांकडून मिळणाऱ्या उत्पन्नात त्यांचा खर्च भरून निघत नाही. रस्त्यावरील गर्दी घटते, इंधन वाचते, प्रदूषण कमी होते, मार्गालगतच्या जमिनीची किंमत वाढते. हे सारे लाभ खरे आहेत. पण ते कंपनीच्या गल्ल्यात जमा होत नाहीत. आर्थिक परतावा आणि वित्तीय परतावा यांतील ही दरी भरून काढण्यासाठी भारत सरकारने २००६ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांनुसार प्रकल्प खर्चाच्या २० टक्क्यांपर्यंत अनुदान केंद्राने आणि आवश्यकता भासल्यास आणखी २० टक्क्यांपर्यंत राज्याने अथवा पुरस्कर्त्या संस्थेने द्यावयाचे असते. जी कंपनी सर्वांत कमी अनुदान मागेल, तिला काम मिळते.

२००८ मध्ये उघडलेल्या निविदांनी सर्वांनाच चकित केले. मेटास इन्फ्रा आणि नवभारत यांच्या पुढाकाराखालील समूहाने अनुदान तर मागितले नाहीच. उलट करारकाळात शासनालाच ३०,३११ कोटी रुपये देण्याची तयारी दर्शविली. जगात क्वचितच नफ्यात चालणाऱ्या व्यवसायासाठी कोणी शासनाला पैसे देऊ करीत असेल, तर त्याचे लक्ष रेल्वेवर नसून रेल्वेबरोबर मिळणाऱ्या जमिनीवर असावे, ही शंका स्वाभाविक होती. दिल्ली मेट्रोचे तत्कालीन प्रमुख ई. श्रीधरन यांनी ती सप्टेंबर २००८ मध्ये नियोजन आयोगाला पत्र लिहून उघडपणे मांडली. प्रकल्पासोबत २९६ एकर मोक्याची जमीन व्यापारी वापरासाठी देण्यास त्यांचा आक्षेप होता. राज्य शासनाने त्यांच्यावर मोठा रोष व्यक्त केला. परंतु जानेवारी २००९ मध्ये सत्यम कॉम्प्युटर्सचा हिशेब-घोटाळा उघडकीस आला, त्याच कुटुंबाशी निगडित असलेली मेटास अडचणीत सापडली, ठरलेल्या मुदतीत कर्जउभारणी झाली नाही आणि जुलै २००९ मध्ये कंत्राट रद्द करावे लागले.

दुसऱ्या फेरीत लार्सन अँड टुब्रो कंपनीने १,४५८ कोटी रुपये अनुदान मागून काम मिळविले. प्रकल्प खर्च तेव्हा १२,१३२ कोटी रुपये धरलेला होता. म्हणजे मागितलेले अनुदान त्याच्या सुमारे १२ टक्के, केंद्र व राज्य मिळून देता येणाऱ्या ४० टक्क्यांच्या मर्यादेपेक्षा कितीतरी कमी. ४ सप्टेंबर २०१० रोजी ३५ वर्षांचा सवलत करार झाला. स्थावर मालमत्तेचा विकास धरून कंपनीने एकंदर १६,३७५ कोटींचा वित्तीय आराखडा केला आणि २०११ मध्ये भारतीय स्टेट बँकेच्या नेतृत्वाखालील बँकांच्या समूहाकडून ११,४८० कोटींचे कर्ज उभे केले. पहिल्या निविदेतील अविश्वसनीय आकड्याच्या तुलनेत हा आराखडा वास्तववादी भासला. तथापि, त्याच्या पायाशीही दोन गृहीतके होती : प्रवासी मोठ्या संख्येने येतील आणि जमिनीतून मोठे उत्पन्न मिळेल. सुमारे निम्मे उत्पन्न भाड्यातून, ४५ टक्के मालमत्तेतून आणि उरलेले ५ टक्के जाहिरातींतून, अशी विभागणी मांडलेली होती. मालमत्तेसाठी आगारे व स्थानके यांच्या परिसरात १८५ लाख चौरस फूट बांधकामाची मुभा होती.

अंदाज आणि प्रत्यक्ष

जुलै २०१२ हा कामाचा अधिकृत प्रारंभ आणि जुलै २०१७ ही पूर्ततेची मुदत ठरली. दरम्यान जून २०१४ मध्ये राज्याचे विभाजन झाले. नव्या तेलंगण शासनाने विधानभवन आणि सुलतान बाजार या भागांत मार्ग भूमिगत असावा, अशी मागणी पुढे केली. कंपनीने बदललेल्या परिस्थितीत प्रकल्प व्यवहार्य राहत नसल्याचे कळविले. प्रसंगी तो शासनाने ताब्यात घ्यावा, अशीही भाषा झाली. अखेर त्या भागांतही उन्नत मार्गच बांधला गेला. पण वेळ खर्ची पडला. व्याजाने घेतलेल्या पैशावर बांधल्या जाणाऱ्या प्रकल्पात वेळ म्हणजेच खर्च.

२८ नोव्हेंबर २०१७ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते मियापूर ते नागोल या ३० किलोमीटरच्या टप्प्याचे उद्घाटन झाले. पुढील टप्पे त्वरेने आले : सप्टेंबर २०१८ मध्ये अमीरपेट ते एल. बी. नगर, मार्च २०१९ मध्ये अमीरपेट ते हायटेक सिटी, नोव्हेंबर २०१९ मध्ये तेथून रायदुर्गपर्यंत आणि ७ फेब्रुवारी २०२० रोजी ज्युबिली बसस्थानक ते महात्मा गांधी बसस्थानक. एकूण ५७ स्थानके झाली. लांबीच्या दृष्टीने दिल्लीनंतर देशातील दुसरे मेट्रो-जाळे हैदराबादचे झाले. आणि दीड महिन्यातच कोविड महासाथीमुळे सर्व गाड्या थांबल्या. त्या पुन्हा धावू लागल्या ७ सप्टेंबर २०२० पासून.

साऱ्या अडचणींचे खापर महासाथीवर फोडणे मात्र योग्य होणार नाही. रोज सुमारे १५ लाख प्रवासी येतील, असा मूळ अंदाज होता. महासाथ ओसरल्यानंतर गर्दीच्या दिवसांतही प्रवासीसंख्या साधारणतः साडेचार ते पाच लाखांच्या आसपास राहिली. एक-तृतीयांश! हायटेक सिटीकडील माहिती तंत्रज्ञान कंपन्यांनी घरून काम करण्यास दिलेली मुभा, स्थानकापासून घरापर्यंतच्या शेवटच्या टप्प्यासाठी पुरेशा बससेवेचा अभाव, आणि डिसेंबर २०२३ पासून राज्य परिवहनच्या बसमध्ये महिलांना मिळालेला मोफत प्रवास, ही कारणे पुढे केली जातात. त्यांतील शेवटचे कारण विशेष विचार करण्याजोगे आहे. महिलांना मोफत बस देणारे शासन आणि मेट्रोला प्रवासी मिळावेत म्हणून करार करणारे शासन एकच होते. दोन्ही निर्णय आपापल्या जागी समर्थनीय असू शकतात. पण एका शहराच्या वाहतुकीचा विचार एकाच यंत्रणेने केला नाही, की एक सार्वजनिक सेवा दुसरीची प्रतिस्पर्धी बनते.

वस्तुतः गाड्या चालविण्याचा दैनंदिन खर्च उत्पन्नातून भागत होता. तोटा होता तो कर्जावरील व्याज आणि घसारा यांचा. २०२४-२५ मध्ये कंपनीचा तोटा सुमारे ६२६ कोटी रुपये झाला. येथेच दिल्ली आणि हैदराबाद यांतील खरा भेद दिसतो. काँक्रीटचा खांब शंभर वर्षे उभा राहावा अशा बेताने बांधला जातो. जपानी कर्ज अल्प व्याजाचे आणि काही दशकांच्या मुदतीचे असते. त्याची परतफेड सुरू होण्यापूर्वी अनेक वर्षांची उसंत मिळते. व्यापारी बँकेचे कर्ज तुलनेने महाग आणि अल्प मुदतीचे. शहराला मेट्रोची सवय लागण्यास, तिच्याभोवती वस्ती व कचेऱ्या दाट होण्यास पंधरा-वीस वर्षे लागतात. बँकेचा हप्ता तेवढा थांबत नाही. सहा डब्यांच्या फलाटावर तीन डब्यांची गाडी उभी राहते, तेव्हा उरलेल्या निम्म्या फलाटावरही व्याज चालूच असते.

जमिनीच्या उत्पन्नाचा आधारही अपुरा ठरला. पंजागुट्टा, एर्रम मंझिल, हायटेक सिटी आदी ठिकाणी व्यापारी संकुले झाली. पण स्थावर मालमत्तेचा बाजार स्वतःच्या तेजी-मंदीने चालतो, रेल्वेच्या हप्त्यांच्या वेळापत्रकाने नव्हे. आणि ४५ टक्के उत्पन्नाची भिस्त त्यावर होती.

भाडेवाढ हा उरलेला उपाय. प्रारंभीचे भाडे किमान १० व कमाल ६० रुपये होते. भाडे निर्धारण समितीच्या शिफारशीनंतर मे २०२५ मध्ये ते १२ ते ७५ रुपये करण्यात आले. प्रवाशांची नाराजी इतकी तीव्र होती, की आठवडाभरातच दहा टक्के सवलत देऊन ते ११ ते ६९ वर आणावे लागले. साडेसात वर्षांत एकदा झालेली भाडेवाढही शहराला पेलली नाही, असे कंपनीच्या बाजूने म्हणता येईल. पण सामान्य पगारदाराच्या बाजूने पाहिले तर रोज जाऊन-येऊन शंभर-सव्वाशे रुपये देण्यापेक्षा दुचाकीत पेट्रोल भरणे त्याला परवडते, हेही तितकेच खरे.

हैदराबाद याबाबत एकटे नाही. दिल्लीचा विमानतळ द्रुतगती मार्ग २०११ मध्ये खाजगी कंपनीने सुरू केला आणि २०१३ मध्ये तिने अंग काढून घेतल्यावर दिल्ली मेट्रोने ताब्यात घेतला. त्यातून उद्भवलेला लवादाचा वाद सर्वोच्च न्यायालयात एप्रिल २०२४ पर्यंत चालला. गुरुग्रामची रॅपिड मेट्रो २०१३ मध्ये सुरू झाली, तीही २०१९ मध्ये शासकीय यंत्रणेकडे आली. केंद्राच्या २०१७ च्या मेट्रो रेल धोरणाने खाजगी सहभागाचा आग्रह धरतानाच काही अटी घातल्या, त्या या पार्श्वभूमीवर वाचल्या पाहिजेत. मेट्रोऐवजी बस अथवा अन्य पर्याय पुरेसा ठरेल काय याचे विश्लेषण, किमान १४ टक्के आर्थिक परतावा आणि एकीकृत महानगर परिवहन प्राधिकरणाची स्थापना, या त्यांपैकी प्रमुख होत. येथे मोजायचा परतावा वित्तीय नव्हे तर आर्थिक आहे, म्हणजे समाजाला मिळणारा लाभ त्यात धरलेला आहे, हे विसरू नये. पुण्यातील हिंजवडी ते शिवाजीनगर हा संपूर्ण उन्नत मार्गही खाजगी भागीदारीचाच आहे; त्याचे हिशेब अभ्यासताना हैदराबादचे आकडे शेजारी ठेवावेत.

राहून गेलेले साडेपाच किलोमीटर

दुसरा मार्ग फलकनुमापर्यंत जाणार होता. तो महात्मा गांधी बसस्थानकावर, मुसी नदीच्या काठी थांबला. नदीपलीकडील जुन्या शहरातील सुमारे साडेपाच किलोमीटर पहिल्या टप्प्यात झालेच नाहीत. दाट वस्ती, अरुंद रस्ते आणि मार्गालगतच्या शंभराहून अधिक धार्मिक, ऐतिहासिक व संवेदनशील वास्तू ही त्याची कारणे सांगितली गेली. राजकीय मतभेदही होते. तथापि, मेट्रो जेथे तंत्रज्ञानाच्या कचेऱ्या आहेत तेथे वेळेवर पोहोचली आणि जेथे शहराचा जुना, तुलनेने गरीब भाग आहे तेथे पोहोचली नाही, ही वस्तुस्थिती उरते. खाजगी भागीदारीत हे स्वाभाविकच म्हणावे लागेल. जेथे भूसंपादन कठीण आणि भाडे देण्याची ऐपत कमी, तेथे जाण्याची घाई तोट्यातील कंपनीला का असावी? ८ मार्च २०२४ रोजी या मार्गाच्या विस्ताराची पायाभरणी झाली. फलकनुमाच्या पुढे चांद्रायणगुट्टापर्यंत नेलेला साडेसात किलोमीटरचा हा मार्ग आता दुसऱ्या टप्प्याचा भाग आहे. मार्गात येणाऱ्या मालमत्तांच्या धारकांना भरपाई देऊन रस्ता रुंद करणे, हे त्यातील पहिले काम होय.

शासनाच्या ताब्याकडे

दुसऱ्या टप्प्यासाठी राज्याने पाच मार्गांचा ७६.४ किलोमीटरचा प्रस्ताव नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राकडे पाठविला. त्यात नागोलहून शमशाबादच्या विमानतळापर्यंतचा मार्ग सर्वांत लांब. उरलेले मार्ग कोकापेट, पटानचेरू, हयातनगर आणि वर उल्लेखिलेले चांद्रायणगुट्टा यांकडे जाणारे. येथे एक व्यावहारिक पेच उभा राहिला. पहिला टप्पा खाजगी कंपनीचा आणि दुसरा केंद्र-राज्य संयुक्त कंपनीचा असेल, तर एकाच प्रवासाचे तिकीट, गाड्यांचे वेळापत्रक आणि उत्पन्नाची वाटणी कशी करावयाची? केंद्राने ही शंका उपस्थित केली. पहिल्या टप्प्यात पोळलेली कंपनी दुसऱ्या टप्प्यात भांडवल घालण्यास तयार नव्हती.

सप्टेंबर २०२५ मध्ये झालेल्या समझोत्यानुसार राज्याने कंपनीचे सुमारे १३,००० कोटी रुपयांचे कर्ज स्वतःकडे घेण्याचे आणि तिच्या भागभांडवलापोटी सुमारे २,००० कोटी रुपये एकरकमी देण्याचे तत्त्वतः मान्य केले. तिजोरीवरील भार टाळण्यासाठी निवडलेल्या मार्गाने तो भार पंधरा वर्षांनी तिजोरीकडेच परतला. तरीही हा व्यवहार निव्वळ नुकसानीचा मानणे एकांगी ठरेल. बांधकामाची जोखीम, मुदतवाढीचा मोठा भाग आणि प्रारंभीच्या वर्षांतील तोटा कंपनीने सोसला. राज्याला ६९ किलोमीटरचे चालू जाळे मिळते आहे, जे आज नव्याने बांधावयाचे तर या रकमेत बांधून होणार नाही. प्रश्न आहे तो एवढाच, की हे कर्ज राज्य कोणत्या दराने व किती मुदतीसाठी पुन्हा उभारते. शासनाला खाजगी कंपनीपेक्षा स्वस्त पैसा मिळतो. तोटा कमी करण्याचे सर्वांत मोठे साधन तेच आहे.

दुसऱ्या टप्प्याच्या प्रस्तावातील खर्चाची विभागणी या संदर्भात बोलकी आहे. एकूण २४,२६९ कोटी रुपयांपैकी राज्याचा वाटा ७,३१३ कोटी, केंद्राचा ४,२३० कोटी, आणि केंद्राच्या हमीवर जपानी संस्था, आशियाई विकास बँक आदींकडून घ्यावयाचे कर्ज ११,६९३ कोटी रुपयांचे दाखविले आहे. खाजगी भागीदारीसाठी ठेवलेली रक्कम आहे १,०३३ कोटी. म्हणजे एकूण खर्चाच्या चार टक्के.